रणपिसेबाईंचा मिसर देश

रणपिसेबाईंच्या स्मरण-उपासनेत चार जण बोलले आणि चौघांनीही धडधडीत खोटं सांगितलं. पहिला म्हणाला, बाई अतिशय शांत स्वभावाच्या होत्या. दुसरी म्हणाली, बाईंनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही. तिसऱ्यानं त्यांना ‘मंडळीची माऊली’ करून टाकलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. चौथे आढाव. आमच्या मंडळीचे माजी सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, आवाज तुपात घोळवलेला. ते म्हणाले, "बाईंची आणि माझी मतं अधूनमधून वेगळी असायची, पण प्रेमात कधी अंतर आलं नाही." अधूनमधून! अहो, या माणसाशी बाई शेवटची नऊ वर्षं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जायच्या, आणि तेही त्याला दिसेल अशा बेतानं.

मी शेवटच्या बाकावर बसून दातओठ खात होते. समोर हार घातलेला फोटो होता. त्यातल्या बाई तेवढ्या खऱ्या दिसत होत्या, कारण फोटोग्राफरनं सांगूनही त्या हसल्या नव्हत्या. बाई रागीट होत्या. जबरदस्त रागीट होत्या. हे एकदा स्वच्छ लिहून ठेवते, कारण ते पुसून टाकायचं काम जोरात सुरू झालेलं आहे.

बाई महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, जाड भिंगांचा चष्मा, बारीक निळ्या काठाची पांढरी साडी. रविवारी सकाळी मोपेडवरून देवळात यायच्या. आमच्या जुन्या लोकांत चर्चला देऊळच म्हणतात, आणि तिथं जमणाऱ्या माणसांना मंडळी. त्या मोपेडचा हॉर्न बंद पडला होता. त्यांनी तो कधी दुरुस्त केला नाही. "तोंड आहे ना," म्हणायच्या. आणि खरोखर, बाई नाना पेठेच्या चौकातून ओरडत आल्या की आम्ही पोरं संडे स्कूलच्या खोलीत धावत जाऊन बसायचो.

संडे स्कूलचं पुस्तक वरून छापून यायचं. जूनमध्ये उत्पत्ती, मग आब्राहाम, मग योसेफ, असं करत करत नाताळाला येशूच्या जन्मापर्यंत पोचायचं. बाकीचे वर्ग पोचायचे. बाईंचा वर्ग जूनमध्ये मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, शिरायचा आणि नाताळ आला तरी तिथंच विटा पाडत बसलेला असायचा. फारो राजाच्या गुलामीतले इस्राएल लोक, त्यांना सोडवायला आलेला मोशे, दहा पीडा, समुद्र. मोशेला बाहेर काढल्याशिवाय बाई पुढं सरकत नसत, आणि बाहेर काढायची त्यांना घाई नसे. एकदा संडे स्कूलच्या सुपरिंटेंडेंटनी तक्रार केली, "बाई, पोरांना अजून दावीद माहीत नाही." बाई म्हणाल्या, "दावीद राजा आहे. राजाला थांबायला काय होतंय? विटा पाडणारे चारशे वर्षं थांबले."

त्यांची शिकवायची एक रीत होती. गोष्ट सांगून झाली की खडू एकेकावर रोखायच्या आणि विचारायच्या, "तू कोण?" सगळ्यांना मोशे व्हायचं असे. "मोशे एकच होता. बाकीच्यांनी काय करायचं ते सांग." मग पोरं पडेल आवाजात म्हणायची, मी भुसा गोळा करणारा, मी वीट थापणारी, मी फारोच्या पोरीची दासी. फारोनं मारायला सांगितलेल्या बाळांना वाचवणाऱ्या त्या दोन सुइणी व्हायला मुली भांडायच्या. सुइणी बाईंच्या खास लाडक्या. "राजाच्या तोंडावर खोटं बोलल्या आणि देवानं त्यांना आशीर्वाद दिला. लक्षात ठेवा, पण आईला सांगू नका," असं त्या म्हणायच्या.

एका नाताळाला प्रत्येक वर्गानं काहीतरी बसवायचं होतं. इतरांनी गव्हाणी, मेंढपाळ, चांदणी. बाईंनी हॉलच्या फरशीवर दोन घमेली चिखल ओतला आणि आमच्याकडून प्रेक्षकांसमोर विटा पाडून घेतल्या. नऊ वर्षांची मी, गुडघ्यापर्यंत चिखल. पहिली पाच मिनिटं लोक हसले, मग हसू थांबलं, कारण बाई काही थांबवेनात. एका आईनं पुढं येऊन पोरीला ओढलं. "अहो बाई, नवा फ्रॉक आहे तिचा!" बाई म्हणाल्या, "मिसरात फ्रॉक नव्हते." पुढच्या वर्षीपासून नाताळचं काम बाईंकडून काढून घेतलं. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

आता कुणी म्हणेल, बाईंना त्या एकाच गोष्टीचं वेड होतं. होतंच. पण ते आलं होतं कुठून? बाईंच्या आज्याचं घर नगर जिल्ह्यातल्या एका गावाच्या वेशीबाहेर होतं. गावच्या विहिरीवर त्यांना शिवू देत नसत. दुष्काळात आज्यानं ख्रिस्ती धर्म घेतला, पोराला मिशनच्या शाळेत घातलं, पोराची पोरगी शिक्षिका झाली. हे सगळं आमच्या निम्म्या मंडळीच्या घरातलंच होतं. पण निम्म्या मंडळीनं ते माळ्यावर टाकलं होतं आणि ती जणू युरोपातून थेट पुण्यात उतरल्याच्या थाटात इंग्रजी गाणी म्हणत होती. बाई माळ्यावरचं खाली काढायच्या. भर वर्गात विचारायच्या, "तुझा पणजा काय करायचा? नाही माहीत? घरी जाऊन विचार." घरी विचारलं की आई-बाप चिडायचे. बाईंच्या शेजारी एक बौद्ध कुटुंब राहायचं. त्या घरातले आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन आलेले. बाई त्यांच्याशी ओट्यावर बसून तासन्‌तास वाद घालायच्या आणि आम्हाला येऊन सांगायच्या, "ते लोक मिसर सोडला तो दिवस विसरत नाहीत. तुम्हाला मिसर कुठं होता तेच आठवत नाही."

शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना कुणी गोड जागी थांबलं की बाई टेबलावर डस्टर आपटायच्या. "तिथं का थांबलास? पुढं वाच." समुद्र दुभंगला, फारोचं सैन्य बुडालं, मोशेच्या बहिणीनं, मिर्यामनं, डफ वाजवला, तिथं सगळ्यांना थांबायचं असतं. बाई दोन-चार पानं उलटायला लावायच्या. तिथं देव त्याच लोकांना बजावतो की परक्याला छळू नका, तुम्ही मिसरात परके होतात. आणि त्याच्या लगेच पुढं, की विधवेला आणि पोरक्याला गांजू नका. "सुटका झालेल्या माणसाला देवानं दम दिलाय," बाई म्हणायच्या. "हे गाण्यात येत नाही. चालीत बसत नाही ना!"

मग ते दिवस आले. आमचे वडील लोक दारूगोळ्याच्या कारखान्यात, इस्पितळात, शाळांत, नाहीतर कुठल्या तरी कचेरीत शिपाई. त्यांची पोरं कॉम्प्युटर शिकली. दहा-बारा वर्षांत मंडळीचा नूर पालटला. हिंजवडीच्या शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आम्ही कंपनीच्या बसमध्ये बसून तिकडं जायला लागलो. मीही त्यातलीच. वारज्यात फ्लॅट, गळ्यात ओळखपत्र, अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर हसून बोलायचं. देवळाच्या भिंतीला पूर्वी सायकली टेकलेल्या असत. आता रविवारी फाटकाबाहेर गाड्यांची ही रांग, आणि आत उपासना सुरू असताना बाहेर कुणाची तरी हुज्जत.

तरुण संघानं एकदा बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं. त्याआधी आमच्यातल्या एका मुलानं पडद्यावर चित्रं दाखवत भाषण केलं. मोशे हा उत्तम टीम लीडर कसा होता, त्यानं सहा लाखांची टीम डेडलाइनमध्ये समुद्रापार कशी नेली, वगैरे. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई उठल्या.

"मोशे फारोपुढं उभा राहिला तेव्हा किती वर्षांचा होता?"

मुलगा गडबडला. "म्हणजे, एटी, बाई."

"आणि बोलायला कसा होता?"

"अडखळायचा."

"मग ऐंशी वर्षांचा अडखळणारा माणूस तुमच्या कंपनीत घेतील?"

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "तुमच्या कंपनीत संडास कोण धुतं?" एक जण म्हणाला, "हाउसकीपिंगचे लोक आहेत बाई, कॉन्ट्रॅक्टवर." "त्यांतल्या एकाचं नाव सांग." तो शेजारच्याकडं बघायला लागला. "रोज दहा तास एका छपराखाली असता ना रे? फारोलासुद्धा मोशेचं नाव माहीत होतं." एवढं बोलून त्या चहा न घेता निघून गेल्या. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते लागलं. मला लागलं की नाही, ते पुढं येईलच.

आता कौसाबाईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरून झालं.

देवळाच्या मागं, कडुनिंबाखाली, दहा बाय दहाची पत्र्याची खोली होती. देवळाचा शिपाई दगडू आणि त्याची बायको कौसाबाई तिथं राहायचे. राहुरीकडून आलेले. दगडू घंटा वाजवायचा, बाक पुसायचा, कबरी खणायला मदत करायचा. तो वारला तेव्हा कमिटीनं शिपायाची जागाच रद्द केली. कामं मात्र रद्द झाली नाहीत, ती कौसाबाई करत राहिली. झाडलोट, पाण्याचे पिंप, प्रभुभोजनातल्या द्राक्षरसाचे पेले घासून ठेवणं, आणि घंटा. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्यासाठी ती खोली म्हणजेच सगळं घरदार होतं.

कमिटीनं ठरवलं, खोली पाडायची, मागचं सगळं अंगण सपाट करायचं, फरशीचे ठोकळे बसवायचे आणि गाड्यांसाठी जागा करायची. कौसाबाईला दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा वृद्धाश्रमात पाठवायचं. आढावांनी फलक रंगवून घेतला. त्यावर दुभंगलेला समुद्र आणि खाली ‘पुढे चला’. आणि त्याच्या शुभारंभाच्या रविवारी उपदेश करायला कुणाला सांगावं? तर रणपिसेबाईंना! बाई मंडळीच्या उपदेशकांच्या यादीत होत्या, वर्षातून तीन-चारदा त्यांची पाळी यायची. आढाव म्हणाले, "मिसरातून सुटकेवर बाईंच्या तोडीचं कोण बोलणार?" मला आजही या गोष्टीचं नवल वाटतं. या लोकांनी बाईंकडून मोशेची गोष्ट आयुष्यभर ऐकली होती, आपली पोरं त्यांच्या हाताखालून काढली होती, आणि तरी त्यांना खात्री होती की गोष्टीतले सुटणारे लोक म्हणजे आपण. आपणच. दुसरं कोण असणार?

बाई व्यासपीठावर चढल्या. चष्मा पुसला.

"कमिटीनं मला समुद्राची गोष्ट सांगायला सांगितलीय. सांगते. पण आधी हजेरी घेते. इस्राएल कोण कोण आहे? हात वर करा."

लोकांना मौज वाटली. सगळ्यांनी हात वर केले. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनीसुद्धा. माझाही वर होता.

"मिसरी कोण आहे?"

एकही हात नाही.

"वा! म्हणजे अख्खं देऊळ गुलामांनी भरलंय, आणि विटा कुणासाठी पाडत होतो ते कुणालाच ठाऊक नाही." थोडे लोक हसले. "बरं. समुद्र दुभंगला, तुम्ही पार झालात. आता पुढं वाचू." आणि त्यांनी वाचलं. परक्याबद्दलचं वाचलं, विधवेबद्दलचं वाचलं. मग पुस्तक मिटलं. "या भिंतीच्या मागं एक विधवा राहते. तुम्ही आज ज्या पेल्यांतून प्रभूचं रक्त प्यायलात ते तिनं पहाटे घासलेत. तिची खोली पाडून तिथं तुमच्या गाड्या उभ्या राहणार आहेत. आता परत हजेरी घेते. इस्राएल कोण?"

कुणी हलेना. आणि मग मागं दाराशी एक हात वर झाला. कौसाबाईचा. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बाईंनी विचारलं म्हणून तिनं आपला सरळ मनानं हात वर केला, आणि सगळे मागं वळून बघायला लागले तसा घाबरून खाली घेतला.

बाईंनी पुस्तक उचललं. खाली उतरून आपल्या बाकावर जाऊन बसल्या. पाळकसाहेबांनी घाईघाईनं भलतंच गीत सुरू केलं.

पुढच्या आठवड्यात उपदेशकांच्या यादीतून बाईंचं नाव उडालं. कारण काय, तर ‘व्यासपीठाचा वैयक्तिक मतांसाठी वापर’. वैयक्तिक! शास्त्रात काळ्या शाईत छापलेलं आहे, ते वाचलं तर वैयक्तिक. बाईंनी पत्र वाचून त्याचा बोळा केला आणि त्यानं मोपेडचा आरसा पुसला.

बाई संत होत्या असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर कौसाबाईच्या खोलीवर गेले होते. तिनं चहा टाकला आणि हळूच म्हणाली, "बाई, ऱ्हाऊ द्या आता. माझ्यापायी तुमचं नाव गेलं. माझा भाऊ हाय राहुरीला, जाते मी तिकडं."

बाई कडाडल्या. "भावाच्या दारात पडून राहशील? त्याची सून तुला दोन दिवस तरी ठेवील का? समुद्र दिसायच्या आधीच मिसरात परत चाललीस?" आणि असं बरंच काही. इतकं बोलल्या की ती बिचारी रडायला लागली. दुबळ्यांसाठी भांडता भांडता दुबळ्यांनाच झोडपायचा बाईंचा हा प्रकार मला तेव्हाही आवडला नव्हता. मी म्हटलं, "बाई, तिला काय हवंय ते तर विचारा." बाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या की वाटलं, आता खडू येतो. पण खडू आला नाही. मग कौसाबाईकडं वळून, जरा नरमाईनं म्हणाल्या, "सांग. काय हवंय?"

कौसाबाईनं पदरानं नाक पुसलं. "मला देवळापासनं लांब नका धाडू, एवढंच. ह्यांची माती हितंच हाय. आन् सकाळी घंटा वाजवल्याबिगर मला दिस उजाडल्यावानी वाटत न्हाई." बाईंनी मान हलवली आणि निवलेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

मंडळीची सभा भरली. आढाव अगदी मवाळपणे बोलले. प्रगती, नवी पिढी, सोयीसुविधा. मग म्हणाले, "बाई, आपण भावनेच्या भरात आम्हाला फार बोलता. आम्ही काय फारो आहोत का?"

"छे हो आढाव," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "फारो व्हायला ऐपत लागते. तुम्ही त्याचे कारकून."

मागं पोरं खदखदली. पण हसण्यानं मतं पडत नाहीत. विरोधात हात वर झाले तीन. बाई, एक निवृत्त नर्स आणि एक म्हातारे सुतार. बाजूनं चाळीसच्या वर. माझा हात मांडीवर होता. दोन्ही वेळेला. मी स्वतःला सांगितलं की मी तटस्थ आहे, मला दोन्ही बाजू कळतात. आमच्या कंपनीत या गुणाला फार मान होता. बाईंनी मान वळवून माझ्या मांडीवरच्या हाताकडं पाहिलं, मग समोर बघायला लागल्या.

इथपर्यंत मी आढावांवर, कमिटीवर, मंडळीवर भरपूर तोंडसुख घेतलं. ते सगळं खरं आहे आणि त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही. पण जे सांगायचं टाळतेय ते आता सांगते.

मे महिन्यातल्या एका दिवशी, मी ऑफिसात असताना आढावांचा फोन आला. खोली पाडायला यंत्र आलंय आणि रणपिसेबाई कौसाबाईला घेऊन आत बसल्यात, उठत नाहीत. "नीता, तू त्यांची विद्यार्थिनी. तुझं ऐकतील. उन्हात म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर?" मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गाडी काढली. हिंजवडीपासून देवळापर्यंत मला एकच वाटत होतं, की आपण काहीतरी चांगलं करायला चाललोय.

अंगणात ते पिवळं यंत्र उभं होतं. त्याचा ड्रायव्हर कडुनिंबाखाली बसला होता. मला म्हणाला, "ताई, मी आढावसायबांना सांगितलंय. आत माणूस हाय तोवर मी हात लावणार न्हाई. बारा वाजंपत्तुर थांबतो, मग मला खडकवासल्याच्या कामावर जायाचंय. तिथनं सुटलो की पावसाळ्यानंतरच."

म्हणजे बाईंनी अजून तासभर बसून राहायचं होतं. फक्त बसून राहायचं. मी हे ऐकलं, मला ते समजलं, आणि तरी मी आत गेले.

खोलीत पत्र्यानं भट्टी झाली होती. बाई ट्रंकेवर ताठ बसल्या होत्या, चेहरा लालबुंद, पदर घामानं भिजलेला. कौसाबाई भिंतीला टेकून होती. मी बाईंसमोर उकिडवी बसले. म्हटलं, "बाई, चला. तुमचं ब्लडप्रेशर आहे. रस्त्यावरून लोक बघतायत. असं करून काय होणार?"

"कौसाचं काय?" त्यांनी विचारलं.

"मी बघते बाई. इथंच, देवळाजवळ, चालत येता येईल अशी खोली बघते. माझी जबाबदारी."

"तू?"

"हो बाई. शब्द देते."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. आयुष्यात कुणापुढं न नमलेली बाई. त्यांनी कमिटीला भीक घातली नाही, पाळकाला घातली नाही, यंत्राला घातली नाही. पण त्यांनी मला शिकवलं होतं, आणि आपण शिकवलेलं पोर शब्द देतंय म्हटल्यावर त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "चल कौसा," म्हणाल्या. मी पुढं केलेला हातही त्यांनी धरला.

पंधरा मिनिटं लागली. पत्रा आधी खाली आला, मग भिंती. आढावांनी माझा खांदा थोपटला.

मग बाईंनी विचारलं, "कुठं बघितलीयस खोली?"

"अजून नाही, बाई. बघते ना. सोमवारपर्यंत दोन-तीन ठिकाणी विचारते."

खरं सांगायचं तर मी एका ठिकाणी विचारलं. एक फोन. मग आमचं मोठं काम आलं, महिनाभर डोकं वर काढायला वेळ नव्हता, आणि त्यानंतर विचारायची लाज वाटायला लागली. कौसाबाई बाईंच्या दोन खोल्यांत राहिली आणि सहा वर्षांनी तिथंच वारली. सकाळी देवळापर्यंत चालत जाण्याइतकं ते जवळ नव्हतं. घंटेला आता विजेचं बटण आहे. मी वारज्याकडच्या दुसऱ्या मंडळीत जायला लागले. बाईंना परत भेटले नाही. भेटायला तोंड नव्हतं. म्हणून त्यांचं मला शेवटचं दिसणं म्हणजे त्या दिवशी अंगणातलं.

‘सोमवारपर्यंत’ हा शब्द ऐकला आणि बाईंना सगळं समजलं. त्या चिडल्या असत्या तर मी किती उपकार मानले असते! ओरडल्या असत्या, काहीतरी फेकून मारलं असतं. पण त्या बाईंनी, ज्यांनी उभ्या जन्मात राग गिळला नव्हता, त्यांनी तो माझ्यापुरता गिळला. ट्रंकेची एक कडी स्वतः धरली, दुसरी कौसाबाईनं धरली, आणि दोघी म्हाताऱ्या भर उन्हात तिरक्या होत फाटकाकडं निघाल्या. फाटकात माझी गाडी आडवी उभी होती. मी धावत गेले.

"बाई, थांबा, ट्रंक मागं टाकू. मी सोडते ना गाडीनं."

बाई थांबल्या नाहीत. गाडीच्या कडेनं ट्रंक तिरपी करून काढता काढता, माझ्याकडं न बघता, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आत जागा झालीय ना आता? लाव गाडी."

यंत्राला बाहेर पडायचं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी गाडी आत घेतली आणि लावली.